आषाढातले डोनट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढ लागला, की आमच्या सांगलीकडे बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. आखाड तळला का? बाहेर पावसाची झड लागलेली असते, कपडे वाळत नाहीत, भाज्या महागलेल्या असतात आणि जिभेला काहीतरी खमंग हवं असतं. मग कुणाकडे तांबड्या भोपळ्याचे घारगे होतात, कुणाकडे गुळाच्या पाण्यातले गुलगुले, कुणाकडे कडाकण्या, तर कुणाकडे तिखटमिठाच्या पुऱ्या. लेकीच्या घरी डबा जातो, शेजारी ताटली जाते. पुढे श्रावण येतो तो सोमवार-शनिवारचे उपास घेऊनच. त्याच्या आधी एकदा मनसोक्त तळून घ्यावं, असा हा साधा हिशेब.

आमच्या घरी मात्र तीस वर्षांहून अधिक काळ आषाढातल्या शेवटच्या रविवारी डोनट तळले जातात. हे सांगितलं, की लोक हसतात. "अहो, डोनट ही काय आपली परंपरा म्हणायची?" असं विचारतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या घरातल्या दोन पदार्थांची गोष्ट आज तुम्हाला सांगते. एक पदार्थ परका होता, तो टिकला. दुसरा पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, तो आमच्या डोळ्यांदेखत गेला. असं का झालं, ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

विरजण आणि यीस्ट

सुरुवात झाली १९९३ च्या पावसाळ्यात. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. मुलगा मुंबईला आत्याकडे एका वाढदिवसाला जाऊन आला आणि आल्या आल्या सुरू झाला. "आई, गोल गोल, मधे भोक असलेलं, वरून साखर लावलेलं. तसं कर." आमच्या गल्लीतल्या बेकरीत पाव, खारी आणि नानकटाई मिळायची. डोनट हा शब्द त्या बेकरीवाल्यानंही ऐकलेला नव्हता. शेवटी नणंदेनं मुंबईहून कोरड्या यीस्टचं पाकीट आणि कागदावर लिहिलेली कृती पाठवली.

रविवारी सकाळी मी मोठ्या उत्साहानं दूध तापवलं. कृतीत 'गरम दूध' असं लिहिलं होतं. मी उकळी आणली आणि त्यात यीस्ट घातलं. पीठ मळून झाकून ठेवलं. तास गेला, दोन तास गेले. पीठ जसंच्या तसं, पाट्यासारखं. मुलं दर दहा मिनिटांनी फडकं उचलून बघत होती. मुलीचे डोळे भरून आले.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नसे, पण कानानं आणि वासानं त्यांना सगळं कळे. त्यांनी विचारलं, "त्या पुडीत काय होतं?" मी म्हटलं, "आई, ते एक प्रकारचं विरजणच आहे. पीठ फुगवतं." त्यावर त्या म्हणाल्या, "मग उकळत्या दुधात विरजण लावतेस का कधी?"

माझी चूक त्यांनी एका वाक्यात दाखवून दिली. यीस्ट हा एकपेशीय, बुरशीच्या कुळातला जिवंत जीव आहे. कोरडा केला, की तो झोपी जातो आणि ओलावा, ऊब व थोडी साखर मिळाली, की जागा होतो. साखर खाऊन तो कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो आणि त्या वायूनं पीठ फुगतं. पस्तीस ते चाळीस अंश सेल्सिअस ही त्याची आवडती ऊब. साठ अंशांच्या आसपास तो मरतो. मी तर त्याला शंभर अंशांच्या दुधात टाकलं होतं! दही लावताना आपण बोट बुडवून बघतो, चटका बसू नये इतपतच दूध कोमट ठेवतो. इथेही नेमकं तेच करायचं. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली तपासताना मनगटावर थेंब टाकतो, तसा थेंब टाकून पाहावा. थेंब जाणवताच कामा नये, इतकं ते कोमट हवं.

त्या पिठाचं पुढे काय झालं, म्हणता? सासूबाई म्हणाल्या, "टाकू नका, तळायचंच आहे ना? मग लाटा पातळ." आम्ही त्याचे शंकरपाळे केले. डब्यात चार दिवस पुरले. त्यांना डोनटचं वावडं नव्हतं, ते आषाढामुळेच. दिवाळी असती तर त्यांनी माझा हा उद्योग चालू दिला नसता. आषाढात काय, काहीही तळलं तरी ते तळणातच जमा.

सोपी कृती

पुढच्या रविवारी डोनट जमले. तेव्हापासून प्रमाण तेच आहे. ते सांगते, हवं तर लिहून घ्या.

साहित्य: पाव किलो मैदा, एक लहान चमचा कोरडं यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ, दोन मोठे चमचे लोणी, दीडशे मिलिलिटर कोमट दूध. तळायला तेल. वरून लावायला पिठीसाखर आणि जायफळ. एवढ्यात मध्यम आकाराचे दहा-बारा डोनट होतात. अंडं लागत नाही.

कोमट दुधात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला, की यीस्ट जिवंत आहे असं समजा. फेस नाही आला तर पुढे जाऊ नका, मैदा वाया जाईल. फेस आल्यावर मैदा, मीठ आणि उरलेली साखर घालून पीठ भिजवा, मग लोणी घालून चांगली दहा मिनिटं मळा. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ सैल असतं, हाताला चिकटतं. तरी वरून मैदा भुरभुरवण्याचा मोह टाळा. मळत राहिलं, की चिकटपणा आपोआप कमी होतो. मैद्यातली प्रथिनं पाण्याशी संयोग पावून एकमेकांना धरतात आणि त्यांचं रबरासारखं लवचिक जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्टनं सोडलेला वायू या जाळ्यात अडकतो, म्हणून डोनट हलका होतो.

पीठ झाकून ठेवलं, की दुप्पट होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात पाऊण तासात काम होतं. पावसाळी थंड हवेत दीड तासही लागतो. घड्याळाकडे बघू नका, पातेल्याकडे बघा. फार गारठा असेल तर बंद कपाटात गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी पीठ ठेवावं.

फुगलेलं पीठ हलकेच दाबून करंगळीच्या जाडीची पोळी लाटा. स्टीलच्या वाटीच्या काठानं मोठा गोल कापा आणि बाटलीच्या स्वच्छ झाकणानं मधलं भोक. वाटी सरळ खाली दाबायची, फिरवायची नाही. फिरवली तर कडा चिमटल्या जातात आणि डोनट एका बाजूनं नीट फुगत नाही. प्रत्येक डोनट तेल लावलेल्या कागदाच्या लहान चौकोनावर ठेवून, पातळ फडकं टाकून पुन्हा अर्धा तास विसावू द्या. तळताना कागद धरून डोनट अलगद तेलात सोडता येतो. हातानं उचलला, तर अर्धा तास जमवलेली हवा बोटांखाली निघून जाते.

इतका वेळ नसेल, तर यीस्टशिवायचा प्रकार आहे. पाव किलो मैद्यात दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी पिठीसाखर मिसळायची. अर्धी वाटी दही, दोन चमचे पातळ केलेलं लोणी आणि लागेल तेवढं दूध घालून गोळा करायचा. हे पीठ फार मळू नये. वीस मिनिटांनी लाटून कापायचं आणि तळायचं. दह्याच्या आंबटपणाशी सोड्याचा संयोग होऊन तोच वायू निघतो, फक्त तो काही मिनिटांत निघतो. हे डोनट पावासारखे जाळीदार होत नाहीत, खुसखुशीत होतात. पाहुणे दारात असताना उपयोगी पडतात. हा प्रकार लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

भोक कशासाठी?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर आपल्या मेदूवड्यात आहे. जाड गोळा तेलात टाकला, तर बाहेरून लाल होतो आणि पोटात कच्चा राहतो, कारण उष्णतेला कडेपासून मध्यापर्यंत जायला वेळ लागतो. मधोमध भोक पाडलं, की तेल आतूनही लागतं आणि सगळ्यात कच्चा राहणारा भागच उरत नाही. गुलगुला भोकाशिवाय चालतो, कारण तो लिंबाएवढा लहान असतो. आकार वाढला, की भोक हवं.

अमेरिकेत या भोकाचं श्रेय हॅन्सन ग्रेगरी नावाच्या मेन राज्यातल्या खलाशाला दिलं जातं. म्हातारपणी, १९१६ मध्ये, त्यानं एका वृत्तपत्राला आपली हकिकत सांगितली. १८४७ मध्ये तो सोळा वर्षांचा असताना जहाजावर मिळणारे तळलेले गोळे मध्ये कच्चे आणि तेलकट असत. त्यानं मिरपुडीच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणानं मधला भाग कापून काढला. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक, पण मला ही गोष्ट आवडते, कारण आमच्याकडेही झाकणच वापरलं जातं.

कापून काढलेले मधले गोळे टाकायचे नाहीत. ते आधी तळायचे. तेल तयार आहे की नाही, ते त्यांच्यावरून कळतं आणि तोवर मुलांचा धीरही टिकतो.

तेलाचा कान

पहिल्या वर्षी मी कढईशी, मुलगा वाटीनं कापायला, मुलगी कागदाचे चौकोन मांडायला आणि पीठ मळायला आमचे हे. बँकेत आयुष्यभर आकडे लिहिलेले हात, पण पीठ उत्तम मळतात असा शोध तेव्हा लागला. सगळे कामाला लागलेले पाहून सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "आणि मला काय काम?"

मी गडबडले. डोळ्यांना दिसत नाही, त्यांना काय काम द्यायचं? मुलगीच म्हणाली, "आजी, तू तेल ऐक."

तिनं सहज म्हटलं, पण ते काम फार मोलाचं ठरलं. पिठाची गोळी तेलात टाकली, की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बुडबुड्यांनी बाहेर पडते. आवाज येतो तो या वाफेचा. तेल थंड असेल तर आवाज मंद, तुटक येतो आणि गोळी तळाशी बसून राहते. तेल फार तापलं असेल तर तडतड होते आणि गोळी क्षणात काळवंडते. बरोबर तापलेल्या तेलात एकसारखी बारीक चुरचुर येते, गोळी खाली जाऊन लगेच वर येते. थर्मामीटर असेल तर तो या वेळी १७५ ते १८० अंश दाखवतो. सासूबाईंना थर्मामीटरची गरज नव्हती. त्या स्टुलावरूनच सांगत, "अजून नाही. थांब. हं, आता तेल बोललं."

तेलकट डोनट होण्याचं कारणही या वाफेत आहे. तेल पुरेसं तापलेलं असलं, की आतली वाफ जोरानं बाहेर येत राहते आणि तेलाला आत शिरू देत नाही. तेल थंड असलं, की वाफेचा जोर कमी पडतो, डोनटला जास्त वेळ कढईत राहावं लागतं आणि तो तेल पितो. म्हणून एका वेळी तीनच सोडावेत. कढई भरून टाकली, की तेल एकदम निवतं. प्रत्येक बाजूला मिनिटभर पुरतं. चांगल्या फुगलेल्या डोनटच्या कमरेभोवती एक पांढरट पट्टा राहतो. तो दोष समजू नका. डोनट इतका हलका आहे, की तो अर्धाच बुडला, असा त्याचा अर्थ.

मुलांबरोबर तळण करताना एक शिस्त हवी. कढई मोठ्या माणसाची. मुलं कढईपासून दूर, दाराच्या आतही नाहीत. तेलानं पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवायचं. आणि उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नये.

डोनट कोमट झाले, की पिठीसाखरेत घोळवायचे. फार गरम असताना साखर विरघळून चिकट होते. त्या साखरेत जायफळ घालायची कल्पना सासूबाईंची. पुरणात घालतो, श्रीखंडात घालतो, मग इथं का नको, असं म्हणून त्यांनी स्वतः किसून घातलं. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की अमेरिकेतल्या जुन्या घरगुती डोनटमध्येही जायफळच घालतात. सांगलीच्या स्टुलावर बसून त्यांनी बरोबर तोच वास ओळखला होता.

देशोदेशींचं तळण

आषाढात तळायचं आणि श्रावणात आवरायचं, ही रीत आपल्यापुरतीच आहे असं मला वाटायचं. ख्रिस्ती लोकांत ईस्टरच्या आधी लेंट नावाचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो. तो लागण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली जर्मन वंशाची कुटुंबं 'फासनाख्त' नावाचे डोनट तळतात. पिठात बऱ्याचदा उकडलेला बटाटा घालतात. उपासात चरबी, लोणी, साखर वर्ज्य, म्हणून घरातला साठा आधीच संपवायचा. पोलंडमध्ये हेच काम त्याच्या आधीच्या गुरुवारी होतं. म्हणजे त्यांचाही आखाडच!

नेदरलँड्समध्ये ३१ डिसेंबरला 'ओलिबोलेन' तळतात. या शब्दाचा अर्थ तेलातले गोळे. बेदाणे घातलेला, भोक नसलेला हा गोळा आपल्या गुलगुल्याचा सख्खा भाऊ वाटतो. डच लोक न्यूयॉर्कच्या परिसरात वसाहतीला गेले, तेव्हा त्यांनी तळणही नेलं. वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकानं १८०९ मध्ये न्यूयॉर्कचा गमतीदार इतिहास लिहिला, त्यात या डच गोळ्यांना डोनट म्हटलेलं आहे. ज्यू लोक हनुक्का या दिव्यांच्या सणात 'सुफगानिया' नावाचे, पोटात जॅम भरलेले गोळे खातात. तिथे तेलालाच मान आहे, कारण एका दिवसाचं तेल मंदिरात आठ दिवस जळलं, ही त्या सणामागची कथा. आपल्या कोकणातून इस्राएलला गेलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांच्या आसपासही हनुक्कात हाच वास दरवळत असणार.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, साल्व्हेशन आर्मीच्या, म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात तिच्या, काही स्त्रिया अमेरिकी सैनिकांसाठी फ्रान्समध्ये गेल्या होत्या. घराची आठवण काढणाऱ्या पोरांना काय खायला घालावं? हाताशी मैदा, साखर आणि चरबी एवढंच. हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन या दोघींनी डोनट तळायला घेतले. लाटणं नव्हतं, म्हणून बाटलीनं लाटले. पुढे १९३८ मध्ये मुक्तिफौजेनं शिकागोत निधीसाठी डोनट दिन पाळला. जून महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी तो तिकडे पाळला जातो. तोवर डोनट तळणारी यंत्रंही आली होती आणि हा पदार्थ दुकानात गेला होता. आता तो आपल्याकडेही काचेच्या कपाटात मिळतो, रंगीबेरंगी. मुलं आणतात, मीही खाते. पण त्यात कुणाला काही काम नसतं.

हसलेले अनारसे

आता दुसऱ्या पदार्थाकडे येते. आमच्या सासूबाईंचे अनारसे गावात नावाजलेले होते. अधिक मासात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. शास्त्रात त्याला अपूपदान म्हणतात. हा अपूप ऋग्वेदाइतका जुना शब्द आहे.

अनारशाचं काम मोठं. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून कापडावर सावलीत पसरायचे. पुरते वाळू द्यायचे नाहीत, हाताला दमट लागतात तोवरच कुटायचे. बारीक चाळून गुळात मळायचे आणि गोळे करून डब्यात चार-पाच दिवस ठेवायचे. मग खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून तुपात तळायचे, उलटायचे नाहीत. तांदळात मैद्यासारखं ग्लुटेनचं जाळं नसतं. सगळा भार गुळाच्या आणि ओलाव्याच्या प्रमाणावर. ते जरा चुकलं, की अनारसा तुपात विरघळून पसरतो. आपण म्हणतो, अनारसा हसला.

सासूबाई हे सगळं सोवळ्यात, एकट्या करत. दृष्टी अधू झाल्यावरही बोटांच्या अंदाजानं करत. आम्ही कुणी स्वयंपाकघरात जायचं नाही. मी विचारलं, की त्या म्हणत, "तुला जमायचं नाही, राहू दे. मी आहे ना?" यात तिरस्कार नव्हता, उलट सुनेला त्रास नको अशीच माया होती. मीही हौसेनं कधी हट्ट धरला नाही. आयते मिळत होते.

२००४ च्या अधिक श्रावणात त्यांनी शेवटचे अनारसे केले. पुढच्या वर्षी त्या गेल्या. २००७ च्या अधिक ज्येष्ठात नणंदेच्या यजमानांसाठी मी अनारसे करायला घेतले. किती गूळ? किती ओल? त्या म्हणत, "बोटाला कळतं." त्यांच्या बोटाला कळे, माझ्या बोटाला कोण सांगणार? एकूण एक अनारसा हसला. तुपात नुसता खसखशीचा गाळ राहिला. मी गॅस बंद करून ओट्याशी रडत उभी राहिले. ह्यांनी बाजारातून ३३ बत्तासे आणले आणि वाण दिलं. नणंद काही बोलली नाही. पण तिच्या आईची चव त्या घरातून गेली होती आणि ते आम्हा दोघींनाही कळलं होतं.

त्याच वर्षी आषाढात डोनट मात्र झाले. सासूबाई नसतानाही झाले. माझा हात भाजला होता, तर मुलानं तळले. पुढे मुलं शिकायला गेली, तेव्हा आम्ही दोघांनीच केले. २०२० मध्ये टाळेबंदीत आम्ही सांगलीत आणि मुलगी पुण्यात मोबाइलसमोर एकाच वेळी पीठ मळत होतो. कुणी एक जण नसला तरी काम अडत नव्हतं, कारण प्रत्येकानं प्रत्येकाचं काम कधी ना कधी केलेलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अनारसे अवघड होते म्हणून गेले नाहीत. ते एकाच माणसाच्या हातात होते, म्हणून त्या माणसाबरोबर गेले.

माझं काम काय?

२००४ चा अधिक श्रावण एकोणीस वर्षांनी, २०२३ मध्ये, पुन्हा आला. आता जावई माझा होता. आषाढातला शेवटचा रविवार १६ जुलैला होता. लेक, जावई आणि आठ वर्षांची नात डोनटसाठी शुक्रवारीच आली होती. त्याच दिवशी मी धीर करून तांदूळ भिजत घातले. नातीनं विचारलं, "आजी, यात माझं काम काय?"

आमच्या गल्लीतल्या ऐंशीच्या घरातल्या एका काकूंकडे मी वही घेऊन गेले होते. त्यांनी सांगितलं, "पिठाच्या वजनाच्या पाऊणपट गूळ घे, आणि अंदाज नको, काटा घे." रोज पाणी बदलायचं काम नातीला दिलं. तांदूळ चाळायचं जावयाला. ज्याला वाण द्यायचं, त्याच्याकडूनच पीठ चाळून घेतलं म्हणून शेजारणी हसल्या. हसू देत. मळणं अर्थातच ह्यांच्याकडे. लेकीनं प्रत्येक पायरी वहीत लिहून काढली.

पुढच्या रविवारी तळायला घेतले. पहिले सहा हसले. लेकीनं वही पाहिली, पिठात थोडं कोरडं पीठ मिसळलं आणि तूप जरा जास्त तापवलं. सातवा अनारसा जाळी धरून वर आला. मग मात्र एकामागून एक येत गेले. पीठ संपलं तेव्हा मोजले. एकवीस! वाणाला बारा कमी पडत होते.

बत्तासे आणायला हे निघालेच होते. नात म्हणाली, "त्यापेक्षा डोनट करू. त्यालाही भोक असतंच की." दह्या-सोड्याचं पीठ वीस मिनिटांत तयार झालं. तिला कढईजवळ यायची परवानगी नाही, म्हणून ती दाराशी, त्याच जुन्या स्टुलावर बसली होती. मी पिठाची गोळी तेलात सोडली आणि वाट पाहत राहिले.

"अजून नाही, आजी," ती म्हणाली. थोडा वेळ गेला. "हं, आता बोललं."

काशाच्या ताटात एकवीस अनारसे आणि बारा डोनट मांडले, वर निरांजन ठेवलं आणि जावयाला वाण दिलं. मी डोनटवर किसलेलं जायफळ अनारशांवरही थोडं पडलं होतं. कुणी तक्रार केली नाही.